एका घराचे चार आकडे

लातूरच्या जुन्या भागात, जिथे सोळा रस्ते येऊन मिळतात त्या गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर, आमचे वडिलोपार्जित घर आहे. अण्णा गेल्यानंतर तीन वर्षे वाटणीचा विषय कोणी काढला नाही. २०२४ च्या दिवाळीत दादाने तो स्वतःहून काढला, आणि घर त्याने ठेवावे, अक्काला व मला आमच्या हिश्श्याचे पैसे द्यावेत, हे एका बैठकीत ठरलेही. पैसे किती, हे ठरायला मात्र चार महिने लागले. आमच्यात भांडण नव्हते. अडचण अशी होती की एकाच घराच्या चार किमती आमच्या हाती आल्या होत्या आणि चारही खऱ्या वाटत होत्या.

पहिली किंमत दाजींनी आणली. त्यांच्या ओळखीच्या एजंटाने घराकडे रस्त्यावरूनच पाहून 'एक कोटीला कुठे मरण नाही' असे सांगितले होते. दुसरी किंमत दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवारात बसणाऱ्या एका दस्तलेखकाने रेडी रेकनरवरून, म्हणजे शासनाच्या दर तक्त्यावरून, काढून दिली, ती ५३ लाखांची होती. तिसरी दादाच्या बँकेच्या व्हॅल्युअरची, ६८ लाखांची. चौथी आम्ही तिघांनी मिळून नेमलेल्या नोंदणीकृत मूल्यांककाची, ती ७८ लाख ६७ हजार ८०० रुपयांची. (घरची गोष्ट घरात राहावी म्हणून येथील आकडे मी थोडे बदलले आहेत, परंतु त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण तेच ठेवले आहे.) मी शाळेत तीस वर्षे गणित शिकवले असल्यामुळे हे कागद समजून घेण्याचे काम माझ्याकडे आले. सुरुवातीला मी प्रत्येक अहवाल उघडून थेट शेवटच्या पानावर जात असे, आणि चूक तिथेच होत होती. मूल्यांकनाच्या अहवालात वाचायची पहिली ओळ पहिल्याच पानावर असते. 'मूल्यांकनाचा हेतू' असे तिचे शीर्षक असते आणि बहुतेक लोक ती ओलांडून पुढे जातात.

रेडी रेकनरचा हेतू मुद्रांक शुल्क हा आहे. नोंदणी व मुद्रांक विभाग दरवर्षी काढतो त्या तक्त्यांचे अधिकृत नाव 'वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते' असे असून, ते १९९५ च्या नियमांनुसार तयार होतात आणि सर्वसाधारणपणे १ एप्रिलपासून लागू होतात. खरेदीखतात मोबदला कितीही कमी लिहिला, तरी या तक्त्याप्रमाणे येणारे मूल्य त्याहून जास्त असेल तर शुल्क त्या जास्त मूल्यावर भरावे लागते. तक्ता विभागवार असतो. एका मूल्य विभागात रुंद रस्त्यावरचे दुकान असते, तसेच बैलगाडी वळणार नाही अशा बोळातले घरही असते, आणि त्यात काही वेळा तीन-तीन वर्षे दर बदलत नाहीत. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी राज्यातले दर वाढवले गेले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली जवाजी नागनाथम प्रकरणात असे म्हटले होते की, मुद्रांक शुल्कासाठी ठेवलेल्या दर-नोंदवह्यांवरून संपादित जमिनीचे बाजारमूल्य ठरवता येत नाही. ५३ लाखांचा आकडा म्हणजे आमच्या घराचा भाव नव्हता. ती शासनाने शुल्कासाठी आखलेली पातळी होती.

एजंटाच्या एक कोटीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तो विकणाऱ्याला ऐकायला आवडणारा आकडा होता. शिवाय आमच्याकडे भाव गुंठ्यावर बोलला जातो, आणि गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट हे ठाऊक असूनही बोलताना तो सोयीने हजाराचा धरतात. एवढ्यानेच आठ टक्क्यांचा फरक पडतो.

खरे शिक्षण झाले ते आमच्या मूल्यांककांनी घर पाहिले त्या दिवशी. भारतात 'शासनमान्य व्हॅल्युअर' अशी पाटी लावणाऱ्यांमागे दोन वेगवेगळ्या नोंदण्या असू शकतात. एक जुनी, १९५७ च्या संपत्ती कर कायद्याच्या कलम ३४ अब खालची. तो कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपला, तरी ही नोंदणी प्राप्तिकराच्या कामासाठी टिकून राहिली. दुसरी नवी, कंपनी कायद्याच्या कलम २४७ आणि २०१७ च्या नियमांखालची. तिच्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि 'जमीन व इमारत', 'यंत्रसामग्री', 'रोखे व वित्तीय मालमत्ता' असे तीन वेगळे वर्ग असतात. या नियमांना जोडलेल्या आचारसंहितेत अशिलाच्या सोयीचे मूल्यांकन करू नये आणि यशावर अवलंबून असलेले शुल्क घेऊ नये, असे स्पष्ट लिहिलेले आहे. आमच्या मूल्यांककांकडे दोन्ही नोंदण्या होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'आकडा कोणाला दाखवायचा आहे?' मला तो प्रश्न तेव्हा खटकला, कारण त्यात आकडा फिरवण्याची तयारी ऐकू आली. प्रत्यक्षात ते हेतू विचारत होते.

त्यांनी मालमत्ता पत्रक, बांधकाम परवाना, नळपट्टी आणि घरपट्टीच्या पावत्या मागवल्या, टेपने स्वतः मोजले, आणि पत्रकावरील २२० चौरस मीटर व जागेवरील मोजमाप जुळते का ते पाहिले. आमच्या घराचे दोन भाग आहेत. पुढचा दुमजली भाग १९९८ साली बांधलेला, आरसीसीचा; मागे आजोबांच्या काळचे नऊ खणांचे माळवद, दगडमातीच्या भिंती, सागवानी तुळया आणि वर पांढरी माती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा औसा व उमरगा तालुक्यांतली गावे नेमक्या अशाच जड छपरांखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. लातूर शहरातले आमचे माळवद तगले, पण त्यानंतर अण्णा त्यात कधी झोपले नाहीत. पैसे साठल्यावर त्यांनी पुढचा भाग पाडून गुत्तेदाराकडून नवा बांधून घेतला. भूकंपापूर्वीच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात आला. हे सारे मूल्यांककांनी अहवालात दोन ओळींत लिहिले आहे. मला वाटले होते, तेवढ्याने माळवदाची किंमत थोडी कमी होईल. ती जवळजवळ शून्यावर आली. दोन फूट जाडीची भिंत जमेची नव्हे, तर पाडण्याच्या खर्चाची बाब ठरली, आणि तो खर्च वजा जाता तुळयांच्या लाकडाचे साठ हजार रुपये तेवढे उरले.

पुढच्या भागाचा हिशेब मी माझ्या विद्यार्थ्यांना उदाहरण म्हणून घातला असता इतका सरळ आहे. तसेच बांधकाम आज नव्याने करायचे झाले तर चौरस मीटरला १८ हजार रुपये लागतील, असे त्यांनी धरले. ११० चौरस मीटरचे १९ लाख ८० हजार झाले. आरसीसी इमारतीचे आयुष्य साठ वर्षे आणि शेवटी उरणारी भंगार किंमत दहा टक्के धरली, की उरलेले नव्वद टक्के साठ वर्षांत झिजतात, म्हणजे दरवर्षी दीड टक्का. आमच्या घराला २६ वर्षे झाली, म्हणून घसारा ३९ टक्के, आणि उरले १२ लाख ७ हजार ८०० रुपये. दादाने दोन वर्षांपूर्वी फरशी बदलून चार लाख घातले होते आणि ते वेगळे धरले जावेत, अशी त्याची अपेक्षा होती. घातलेला पैसा आणि वाढलेले मूल्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याला पटायला एक संध्याकाळ गेली.

जमिनीचा दर ठरवणे ही मूल्यांककाची खरी परीक्षा. त्यांनी सूची क्रमांक दोनच्या, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहारांच्या सारांशाच्या, नोंदी काढल्या. त्या नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येतात, आणि घर विकणाऱ्या किंवा वाटणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी शोधाव्यात असे माझे मत झाले आहे. या नोंदीत 'मोबदला' आणि 'बाजारभाव' असे दोन वेगळे रकाने असतात. ज्या व्यवहारांत हे दोन आकडे अगदी रुपयापर्यंत सारखे होते, ते मूल्यांककांनी बाजूला ठेवले. खरा सौदा रेडी रेकनरच्या आकड्यावर इतका नेमका येऊन थांबत नाही, आणि उरलेली रक्कम कागदाबाहेर गेली असावी, हे त्यांनी तोंडाने म्हटले नाही, पण आम्हाला समजले.

उरलेल्यांतून त्यांनी तीन व्यवहार निवडले. एक मुख्य रस्त्यावरचा, चौरस मीटरला ४० हजारांचा; आमचे घर गल्लीत असल्यामुळे त्यातून पंचवीस टक्के वजा केले. दुसरा आमच्याच गल्लीतला, पण आकाराने बराच लहान, ३३ हजारांचा. लहान तुकड्याला गिऱ्हाईक अधिक मिळते आणि दर चढा लागतो, म्हणून दहा टक्के वजा. तिसरा पाठीमागच्या गल्लीतला, दोन वर्षांपूर्वीचा, २७ हजारांचा. मधल्या काळातील वाढीसाठी त्यात बारा टक्के मिळवले. तीन सुधारित दर अनुक्रमे ३० हजार, २९ हजार ७०० आणि ३० हजार २४० आले, आणि त्यांनी ३० हजार धरला. पंचवीसच टक्के का, वीस का नाहीत, असे मी विचारले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की येथे सूत्र नाही, अनुभव आहे. मात्र कोणत्या गोष्टीसाठी वाढवायचे आणि कोणत्या गोष्टीसाठी घटवायचे याची दिशा न्यायालयांनी आखून दिलेली आहे. १९८८ च्या चिमणलाल हरगोविंददास प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी यादीच दिली आहे: लहान आकार, रस्त्याला लागून असणे, लांब दर्शनी बाजू, नियमित आकार या जमेच्या बाजू, मोठा आकार, आतल्या अंगाला असणे, अरुंद तोंड, खोलगट जमीन या वजावटीच्या. कोणत्याही अहवालात तुलनेचे व्यवहार आणि त्यांतील वाढ-घट यांचा तक्ता नसेल, आणि 'स्थानिक चौकशीवरून' एवढ्यावर दर उभा असेल, तर तो अहवाल परत पाठवावा, असे मी आता सगळ्यांना सांगते.

त्यांनी पाण्याविषयीही बरेच विचारले. बोअर किती खोल, उन्हाळ्यात किती वेळ चालतो, नळाला कितव्या दिवशी पाणी येते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि ज्या शहराने ते पाहिले आहे तिथे आटलेला बोअर असलेल्या घराला गिऱ्हाईक हात लावायला कचरते. आमचा बोअर मे महिन्यातही तासभर चालतो, हे दादाने अभिमानाने सांगितले. अहवालात ते 'पाण्याची सोय समाधानकारक' अशा कोरड्या शब्दांत आले.

लातूर म्हटले की शिकवणीची मुले आणि भाड्याच्या खोल्या आठवतात, म्हणून अक्काने भाड्यावरून किंमत काढण्याचा आग्रह धरला. मूल्यांककांनी तीही काढून दाखवली. पूर्ण घर भाड्याने दिले तर महिन्याला २४ हजार, वर्षाला २ लाख ८८ हजार. त्यातून कर, दुरुस्ती आणि मे महिन्यातील नीट परीक्षेनंतर नवी मुले येईपर्यंत रिकाम्या राहणाऱ्या खोल्या यांसाठी चौथा हिस्सा वजा. राहिले २ लाख १६ हजार. सहा टक्के परताव्याने त्याचे भांडवल ३६ लाख होते. अक्का गप्प झाली. भाड्याची पद्धत चुकीची नव्हती. जिथे जमिनीचा भाव इमारतीच्या कमाईला मागे टाकून गेला आहे, तिथे ही पद्धत जमिनीकडे पाहूच शकत नाही. दुकानांचे संकुल किंवा बांधीव वसतिगृह असते, तर त्यांनी तीच पद्धत मुख्य धरली असती.

बँकेच्या अहवालाची प्रत मिळवायलाच आम्हाला तीन आठवडे लागले. शुल्क दादाने भरले होते, पण अशील बँक होती आणि अहवाल तिच्या नावाने होता, असे उत्तर मिळाले. ते ऐकताना राग आला, तरी ते चुकीचे नव्हते. बँकेचा प्रश्न असा असतो: कर्ज बुडाले आणि हे घर विकावे लागले, तर आमचे पैसे निघतील का? त्यामुळे तिच्या व्हॅल्युअरने माळवद शून्य धरले. विकास आराखड्यात आमची गल्ली रुंद होणार असून दहा मीटरच्या दर्शनी बाजूची दोन मीटर पट्टी त्यात जाते, म्हणून २० चौरस मीटर जमीन त्याने सरळ वगळली. उरलेल्या २०० मीटरला २८ हजारांचा सावध दर लावून ५६ लाख, आणि इमारतीचे बारा, असे ६८ लाख झाले. त्याखाली आणखी दोन आकडे होते. 'वसूल होण्याजोगे मूल्य' ६१ लाख २० हजार आणि 'निकडीच्या विक्रीचे मूल्य' ५४ लाख ४० हजार, म्हणजे अनुक्रमे नव्वद आणि ऐंशी टक्के. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ताबा घेतलेल्या घराचा लिलाव होतो, तेव्हाही आधी मूल्यांककाचा अहवाल घेऊनच राखीव किंमत ठरवावी लागते. त्या दिवसाची तयारी बँक कर्ज देण्याच्या दिवशीच करून ठेवते. दाजींनी हा अहवाल वाचून दादाने बँकेशी संगनमत केल्याचा संशय अर्ध्या वाक्यात व्यक्त केला होता. मला तो संशय मान्य नव्हता, कारण कमी मूल्यांकनाचा पहिला फटका दादालाच बसत होता. त्याला कर्ज कमी मिळणार होते.

आता ६८ आणि ७८ यांची सरासरी काढून मोकळे व्हावे, असा तोडगा निघाला. गणिताची शिक्षिका म्हणून मी त्याला विरोध केला. दोन वेगळ्या प्रश्नांच्या उत्तरांची सरासरी हे तिसऱ्या कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नसते. आमचा प्रश्न असा होता की, राजीखुशीने विकणाऱ्याला राजीखुशीने घेणाऱ्याने, कसलीही घाई नसताना, त्या तारखेला काय दिले असते; आणि त्याचे उत्तर आमच्या मूल्यांककांच्या अहवालात होते. बँकेच्या अहवालातून घेण्यासारखी गोष्ट एकच होती, ती रस्त्याची पट्टी. आमच्या मूल्यांककांनी तिचा उल्लेख केला होता, पण पट्टी गेल्यास मोबदला मिळेल म्हणून किंमत कमी केली नव्हती. पट्टीचे पूर्ण मूल्य सहा लाख होते. मोबदला केव्हा आणि कसा मिळेल याची टांगती तलवार एकट्या दादावर राहणार असल्यामुळे, त्यातले तीन लाख वजा करावेत, असे अक्काने सुचवले. वरचे सात हजार आठशे सोडून दिले, ७८ लाख ६० हजारांतून तीन लाख गेले, ७५ लाख ६० हजार राहिले, आणि प्रत्येकाचा हिस्सा २५ लाख २० हजार ठरला.

या सगळ्यात अहवालाने जे केले नाही, तेही सांगितले पाहिजे. 'मालकी हक्क निर्वेध आहेत असे गृहीत धरले आहे' असे वाक्य प्रत्येक अहवालात असते, आणि मूल्यांकक ते तपासत नाही. मराठवाड्यात या वाक्याला विशेष वजन आहे. निजाम काळातील इनाम व मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) जमिनी, भोगवटादार वर्ग दोनचे (विक्रीला शासनाची परवानगी लागणाऱ्या जमिनींचे) शेरे, गुंठेवारीतील (परवानगीविना तुकडे पाडलेले) प्लॉट यांमुळे आपल्याकडे अनेक जागा अशा आहेत की, त्यांची किंमत दर्शनी भागापेक्षा महसुली कागदावरून ठरते. माझे स्वतःचे छत्रपती संभाजीनगरमधले पहिले घर गुंठेवारी वसाहतीत होते. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली ते नियमित होईपर्यंत कोणतीही मोठी बँक त्याकडे पाहायला तयार नव्हती. लातूरच्या घरासाठी आम्ही वकिलांकडून तीस वर्षांचा शोध अहवाल वेगळा घेतला.

कागदोपत्री मोबदला कमी दाखवण्याच्या सवयीची किंमत कशी मोजावी लागते, हे मला दाजींच्या शेतीवरून आधीच माहीत होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार बाजारमूल्य ठरवताना मागील तीन वर्षांतील तशाच जमिनींची खरेदीखते घेतात, त्यांतील वरच्या किमतीच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी काढतात आणि ती रेडी रेकनरच्या मूल्याहून जास्त असेल तर ती धरतात. त्यांच्या शिवारातून रस्ता गेला तेव्हा शेजाऱ्यांची सगळी खरेदीखते रेडी रेकनरला चिकटवून लिहिलेली निघाली. मुद्रांक शुल्क वाचवल्याचा आनंद झालेल्या त्याच माणसांना मोबदल्याचा आधारही तेवढाच मिळाला.

शेवटचे मूल्यांकन आम्हाला लागेल अशी कल्पनाच नव्हती. हक्क सोडण्याच्या बदल्यात पैसे मिळणार म्हणजे अक्काला आणि मला भांडवली नफ्याचा विचार करावा लागेल, असे कर सल्लागारांनी सांगितले. घर वडिलांकडून आले असल्यामुळे त्यांचा खर्च हाच आमचा खर्च. मात्र मालमत्ता १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या तारखेचे रास्त बाजारमूल्य खर्च म्हणून धरता येते. आमच्याच मूल्यांककांनी त्या तारखेचा दुसरा अहवाल केला. तेव्हाचे व्यवहार, तेव्हाचे बांधकाम दर, तेव्हा अवघे तीन वर्षांचे असलेले घर. त्यांचा आकडा १७ लाखांचा आला, पण २००१ च्या दर तक्त्याप्रमाणे मूल्य १४ लाख होते, आणि २०२० पासून जमीन व इमारतीच्या बाबतीत मुद्रांक मूल्याच्या वर जाता येत नाही, म्हणून १४ लाखच धरावे लागले. माझ्या वाट्याला त्यातले ४ लाख ६७ हजार.

२३ जुलै २०२४ पासूनच्या व्यवहारांवर साडेबारा टक्के कर आहे आणि महागाई निर्देशांकाचा लाभ नाही. परंतु त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन-घराबाबत निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांकासह वीस टक्क्यांनी, कर कमी येत असेल तर तेवढाच भरण्याची मुभा आहे. नव्या पद्धतीने माझा कर उपकर वगळून २ लाख ५७ हजारांच्या आसपास येत होता. २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२४-२५ चा ३६३ धरून माझा खर्च १६ लाख ९४ हजार झाला, आणि कर १ लाख ६५ हजारांवर आला. त्या दुसऱ्या अहवालाच्या पहिल्या पानावर हेतूची ओळ आहे, 'भांडवली नफ्याच्या आकारणीसाठी', आणि तिच्याखाली तारीख, १ एप्रिल २००१. मार्चमध्ये रजिस्ट्री झाली, आणि दोन्ही अहवालांच्या प्रती मी दादाच्या कपाटात, मालमत्ता पत्रकाच्या शेजारी, ठेवून आले.